वार्दझिया : मत्क्वारीच्या काठावरचा गुहामठ एका दिवसात पाहावा की मुक्काम करावा?

गोदाकाठ
नमस्कार. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात मी, यजमान, आई आणि सासूबाई असे चौघे जॉर्जियाला जात आहोत. व्हिसा, विमान वगैरे सारे झाले आहे, त्यामुळे त्याविषयी काही विचारायचे नाही. प्रश्न वार्दझियाचा आहे. देशाच्या दक्षिण टोकाला, तुर्कस्तानच्या सीमेजवळ, मत्क्वारी नदीच्या डाव्या काठावरील कड्यात कोरलेला हा बाराव्या शतकातील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती मठ पाहावा अशी माझी फार इच्छा आहे. परंतु तिबिलिसीतील प्रवास कंपन्या तो सकाळी निघून रात्री परत अशा एका दिवसाच्या सहलीत दाखवतात आणि एका बाजूचे अंतरच अडीचशे किलोमीटरहून अधिक आहे. आई आणि सासूबाई दोघीही सत्तरीच्या आसपास आहेत. चालतात, पण सासूबाईंच्या गुडघ्यांना चढ-उतार सोसत नाही. एका दिवसात हे करणे शहाणपणाचे ठरेल का, की जवळपास मुक्काम करावा? आणि आत वयस्कर माणसांना कितपत पाहता येते? ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

अनिकेत_तिबिलिसी
ताई, मी मूळचा लातूरचा असून वैद्यकीय शिक्षणासाठी तिबिलिसीत राहतो. घरून कोणी आले की त्यांना वार्दझिया दाखवण्याचे काम माझ्याकडेच येते, म्हणून थोडे अधिकाराने लिहितो. एका दिवसात होते, पण करू नका. गोरी, खाशुरी, बोर्जोमी, अखाल्त्सिखे, अस्पिंझा असा रस्ता आहे आणि वाटेत न थांबतादेखील चार तासांच्या खाली पोहोचणे कठीण. तुम्ही ऐन दुपारी तेथे पोहोचता, उन्हात कड्यावर चढता, दीड-दोन तासांत गाडीवाला घड्याळ दाखवू लागतो आणि परतीला अंधार पडतो. अखाल्त्सिखेला मुक्काम करावा. तेथून वार्दझिया साधारण साठ किलोमीटर आहे. मठाच्या समोर, नदीपलीकडे आणि जवळच्या खेड्यांतही घरगुती निवासाची सोय आहे, पण ज्येष्ठांसाठी अखाल्त्सिखे अधिक सोयीचे.

सकाळी लवकर जाण्याचा दुसरा लाभ असा की सकाळचे ऊन कड्यावर पडते आणि गुहांची तोंडे स्पष्ट दिसतात. तिबिलिसीहून येणाऱ्या बसगाड्या दुपारपर्यंत पोहोचत नसल्याने मंदिरातही शांतपणे उभे राहता येते.

चढाविषयी : तिकीटघरापासून वरपर्यंत थोड्या पैशांत लहान गाडी नेऊन सोडते. तो पहिला चढ वाचला की निम्मे काम झाले. त्यापुढे कड्याला धरून वाट आहे, पायऱ्या आहेत, बहुतेक ठिकाणी कठडेही आहेत. मुख्य मंदिरापर्यंत सासूबाई सावकाश जाऊ शकतील असे मला वाटते. अडचण पुढे आहे. मंदिरानंतर जी वाट कातळातील बोगद्यांतून खाली उतरते ती अरुंद आणि अंधारी असून तिच्या पायऱ्या उंच व झिजलेल्या आहेत. तेथे गुडघेदुखी असलेल्यांनी जाऊ नये. माझ्या आत्याला घेऊन गेलो होतो तेव्हा तेथील राखणदाराला विचारून आम्ही आलेल्या वाटेनेच परतलो.

फटकळ_काका
स्पष्ट लिहितो, राग मानू नये. ज्या राज्यात अजिंठा, वेरूळ, कार्ले, भाजे, बेडसे, कान्हेरी अशी शेकडो लेणी आहेत त्या राज्यातील माणसाने पाच-सहाशे किलोमीटरची ये-जा करून परदेशात जाऊन गुहा पाहाव्यात याचे मला नवल वाटते. मी वार्दझियाला गेलो आहे. शिल्प म्हणावे असे तेथे काहीही नाही. ओबडधोबड खोल्या आहेत, एक रंगवलेले मंदिर आहे आणि नदीचे खोरे सुंदर आहे. अजिंठ्याच्या एका लेण्यात जितके पाहण्यासारखे आहे तितके तेथील संपूर्ण कड्यात नाही. सासूबाईंच्या गुडघ्यांचा विचार करता बोर्जोमीला आरामात राहावे आणि खनिजजल प्यावे.

कातळवेडा
काकांचा मुद्दा अर्धा बरोबर आहे, पण तुलनेचा पाया चुकतो आहे असे नम्रपणे सांगावेसे वाटते. अजिंठ्याचा दगड बेसाल्ट आहे. तो कठीण आणि एकसंध असतो, म्हणूनच त्यात खांब, कमानी, मूर्ती अशी बारीक कलाकुसर टिकते. वार्दझियाचा कडा ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या टफ आणि ब्रेशिया प्रकारच्या दगडाचा आहे. तो छिन्नीला सहज दाद देतो, म्हणून थोड्या काळात शेकडो खोल्या कोरता आल्या. पण त्याच कारणाने त्यात बारीक शिल्प करण्यात अर्थ नव्हता आणि तो ढासळतोही लवकर.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. अजिंठ्याच्या कारागिरांनी वाघूर नदीच्या दरीकडे तोंड करून लेण्यांचे दर्शनी भाग घडवले. ते बाहेरून दिसावेत हा हेतूच होता. वार्दझियाचे उलट आहे. तिसऱ्या गिओर्गी राजाने (कारकीर्द 1156 ते 1184) येथे काम सुरू केले ते तटबंदीच्या, आश्रयस्थानाच्या विचाराने, आणि त्याची कन्या तामार राणी हिच्या काळात त्याचा मोठा मठ झाला. या खोल्या कातळाच्या पोटात होत्या. बाहेरून त्या फारशा दिसत नसत आणि आत शिरण्याच्या वाटा नदीच्या बाजूने, छुप्या बोगद्यांतून होत्या असे सांगितले जाते. 1283 मध्ये या प्रदेशात मोठा भूकंप झाला आणि कड्याचा दर्शनी भाग कोसळून नदीकडे गेला. आज आपण नदीपलीकडून ज्याचे छायाचित्र काढतो तो मजल्यांवर मजले असलेला उघडा कडा म्हणजे वास्तुरचनाकाराने ठरवलेला दर्शनी भाग नसून उभा छेद गेलेली इमारत आहे. कुठे अर्धी खोली, कुठे मध्येच तुटलेला जिना, कुठे नुसता कोनाडा अशी जी रचना काकांना ओबडधोबड वाटली, ती खरे तर आतल्या भिंती आहेत.

हे डोक्यात ठेवून पाहिले तर वार्दझिया पाहण्याची दिशाच बदलते. मी तरी मुक्कामाच्या बाजूने मत देईन, कारण हा छेद समजून घ्यायला आधी नदीपलीकडून निवांत अर्धा तास पाहावे लागते आणि मग आत जावे लागते.

फटकळ_काका
भूकंपाची माहिती रंजक आहे, मान्य. तरीही मी बोर्जोमीवर ठाम आहे.

चित्रलेखन
भित्तिचित्रांविषयी कोणीच लिहिले नाही, म्हणून थोडे लिहिते. मुख्य मंदिर मेरीमातेच्या महानिर्वाणाला वाहिलेले आहे. ते संपूर्ण कातळात कोरलेले असून साधारण साडेचौदा मीटर लांब, आठ मीटर रुंद आणि नऊ मीटर उंच आहे. बाहेरच्या प्रखर उजेडातून आत गेल्यावर पहिली काही मिनिटे काहीच दिसत नाही. तेव्हा घाई करून बाहेर पडू नये, डोळे सरावू द्यावेत.

उत्तरेकडील भिंतीवर गिओर्गी आणि तामार यांची शेजारी शेजारी उभी चित्रे आहेत. या चित्रांचा काळ ठरवण्याची पद्धत मला फार आवडते. तामारच्या नावाशेजारील लेखात देव तिला दीर्घायुष्य देवो अशा अर्थाची प्रार्थना आहे, पण गिओर्गीच्या लेखात ती नाही. याचा अर्थ चित्र काढले तेव्हा पिता हयात नव्हता आणि कन्या राज्य करीत होती. गिओर्गीचा मृत्यू 1184 मधला. शिवाय तामारच्या डोक्यावर विवाहित स्त्रीचे शिरोवस्त्र नाही, म्हणून हे काम तिच्या विवाहापूर्वीचे, म्हणजे 1184 ते 1186 या दरम्यानचे मानले जाते. चित्रांचा खर्च रती सुरामेली या सरदाराने केला आणि त्याचेही चित्र तेथे आहे. चित्रकाराचे नाव गिओर्गी असे लेखात येते. आपल्याकडे अजिंठ्याच्या एकाही चित्रकाराचे नाव आपल्याला ठाऊक नाही, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

फटकळ काकांसाठी एक साम्य : दोन्ही ठिकाणी रंग ओल्या गिलाव्यावर दिलेले नाहीत. गिलावा वाळल्यावर, बंधक द्रव्य मिसळून, कोरड्या पृष्ठभागावर रंगवले आहे. त्यामुळे दोन्ही ठिकाणची चित्रे ओल, श्वास आणि दिव्याची काजळी यांना हळवी आहेत. कॅमेऱ्याचा झोत अजिबात वापरू नये.

मांडवीकाठ
मी पणजीचा. जॉर्जियाचा विषय निघाला आणि गोव्याचा नाही, असे होऊ देत नाही. जॉर्जियाच्या पूर्वेकडील काखेतीची केतेवान राणी हिला इराणच्या शाह अब्बासच्या आज्ञेने 1624 मध्ये शिराझ येथे हालहाल करून ठार करण्यात आले, कारण तिने ख्रिस्ती धर्म सोडण्यास नकार दिला. तेथे असलेल्या ऑगस्टिनियन पंथाच्या पाद्र्यांनी तिचे काही अवशेष गोव्याला आणून जुन्या गोव्यातील आपल्या मठात ठेवले. पुढे तो मठ कोसळला. आता त्याच्या घंटाघराचा उंच उभा तुकडा तेवढा उरला आहे, जो प्रत्येक पर्यटक पाहतो आणि ज्याच्याबद्दल फार थोडे विचारतात. 2005 च्या सुमारास तेथील उत्खननात अस्थी सापडल्या, हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रात त्यांची जनुकीय तपासणी झाली आणि जुलै 2021 मध्ये त्यांचा एक भाग भारताने जॉर्जियाला भेट म्हणून दिला. त्या वेळी आपले परराष्ट्रमंत्री स्वतः तिबिलिसीला गेले होते.

सांगण्याचे कारण व्यावहारिक आहे. मी जॉर्जियात कोणत्याही मठात गेलो आणि गोव्याचा आहे असे सांगितले की केतेवानचे नाव निघते. आईंना आणि सासूबाईंना ही गोष्ट आधी सांगून ठेवा. मठातील वृद्ध साधूशी बोलायला भाषा नसली तरी ‘केतेवान’ आणि ‘गोवा’ हे दोन शब्द पुरतात.

गोदाकाठ
सर्वांचे मनापासून आभार. केतेवानची गोष्ट रात्री जेवताना घरी सांगितली. आई स्तब्ध झाली आणि सासूबाईंनी लगेच विचारले की मग आपण आधी गोव्याला का जात नाही. कातळवेडा यांचे म्हणणे वाचून नदीपलीकडून पाहायचे हे नक्की केले आहे. आता एक प्रश्न : हा मठ चालू आहे की केवळ संरक्षित वास्तू आहे? चालू असेल तर आम्ही परधर्मीयांनी तेथे कसे वागावे?

अनिकेत_तिबिलिसी
दोन्ही आहे. तिकीट संग्रहालयाचे आहे, पण मठात मोजके साधू राहतात, मंदिरात नियमित प्रार्थना होतात आणि त्यांच्या राहण्याचा भाग पर्यटकांसाठी बंद असतो. मधल्या काळात खंड पडला होता. 1551 मध्ये इराणच्या शाह तहमास्पच्या सैन्याने लूट केली, त्याच शतकाच्या उत्तरार्धात ऑटोमन सत्ता आली आणि मठ ओस पडला. सोव्हिएत काळात ते केवळ संग्रहालय होते. 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून पुन्हा साधू राहू लागले.

वागण्याचे नियम साधे आहेत. पुरुषांनी पूर्ण लांबीची विजार घालावी, स्त्रियांनी डोके झाकावे आणि घोट्यापर्यंत वस्त्र असावे. आई आणि सासूबाई साडी नेसत असतील तर पदर डोक्यावर घेतला की झाले. दाराशी ओढण्या व गुंडाळायची वस्त्रे ठेवलेली असतात. आत बसायला बाके नसतात. ऑर्थोडॉक्स उपासना उभ्याने होते, भिंतीलगत वृद्धांसाठी काही टेकायला असेल तर असेल. समोर संतांच्या प्रतिमांनी भरलेली आडभिंत असते आणि तिच्या पलीकडे जायचे नसते. मेणाच्या बारीक पिवळ्या मेणबत्त्या विकत मिळतात, त्या कोणीही लावू शकतो.

स्वाती_डोंबिवली
डोके झाकण्याविषयी माझे मत वेगळे आहे. माझे डोके मी झाकावे की नाही हे कोणी ठरवावे, हा प्रश्न मला तेथे पडला होता आणि आजही पडतो. पुरुष टोपी काढतात आणि स्त्रिया डोके झाकतात, या भेदाचे स्पष्टीकरण पुरातन रूढी याखेरीज कोणी देत नाही. मी दारातूनच मंदिर पाहिले आणि परत फिरले. माझ्या यजमानांनी आत जाऊन पाहिले आणि बाहेर येऊन वर्णन केले, जे अर्थातच अपुरे होते.

चित्रलेखन
स्वातीताई, आपली भूमिका समजते आणि ती घेण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. मात्र मी स्वतः ओढणी घेऊन आत गेले, कारण तामारचे चित्र पाहायचे होते आणि तिने आठशे वर्षे भिंतीवर उभे राहून माझी वाट पाहिली असताना मी दारातून परतणे मला पटले नाही. शिवाय गुरुद्वारात आपण सारेच डोके झाकतो.

स्वाती_डोंबिवली
गुरुद्वारात स्त्री-पुरुष दोघेही झाकतात. माझा आक्षेप नेमका तेवढाच आहे.

चित्रलेखन
हा मुद्दा बिनतोड आहे. माझ्याकडे उत्तर नाही.

फटकळ_काका
चालत्या मठात पूजा पाहण्याचे कौतुक असेल तर लेण्याद्रीला जावे. बौद्ध विहारात गिरिजात्मज गणपती बसला आहे, वर चढायला तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत आणि डोके झाकण्याची सक्ती नाही.

कातळवेडा
काका, पायऱ्यांच्या त्या संख्येने सासूबाईंचा प्रश्न सुटण्याऐवजी वाढतो.

सखाराम_वाचक
एक शंका. केरळातही ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आहेत. जॉर्जियातील चर्च आणि ते एकच का?

मांडवीकाठ
नाही. इ.स. 451 मधील खाल्सेडॉनच्या धर्मसभेचे निर्णय ज्यांनी मान्य केले त्या परंपरेत ग्रीक, रशियन, बल्गेरियन, जॉर्जियन वगैरे येतात. ज्यांनी मान्य केले नाहीत त्यांत आर्मेनियन, कॉप्टिक, इथिओपियन, सीरियन आणि केरळातील मलंकरा चर्च येतात. दोन्ही गटांची उपासना वरवर पाहता जवळची वाटते, पण त्यांचे धार्मिक ऐक्य नाही. गोव्याचा येथेही एक धागा आहे : आल्वारिस नावाचे गोमंतकीय धर्मगुरू रोमन कॅथलिक चर्च सोडून 1889 मध्ये मलंकरा परंपरेत बिशप झाले आणि 1923 मध्ये त्यांचे निधन झाले. रायबंदरच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये त्यांचे अवशेष आहेत. तो विषय स्वतंत्र धाग्याचा आहे, म्हणून येथेच थांबतो.

द्राक्षबाग_निफाड
मी द्राक्ष बागायतदार आहे, म्हणून वार्दझियात मला चित्रांपेक्षा जमिनीत पुरलेले रांजण अधिक भावले. मंदिराच्या एका बाजूच्या भागातच द्राक्षमद्याची पंचवीस कोठारे आणि 185 रांजण नोंदले गेले आहेत. जॉर्जियात मातीचे मोठे रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरून त्यात द्राक्षांचा रस, साली आणि बियांसह आंबवतात. ही पद्धत आजही चालू असून तिची 2013 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंद झाली. जमिनीचे तापमान वर्षभर फारसे बदलत नसल्याने आंबण्याची क्रिया शांतपणे होते. कातळात कोरलेल्या कोठारात तर हे आणखी सोपे.

आपल्याला साधूंचा मठ म्हटले की उपास आणि वैराग्य एवढेच आठवते. येथे बेकरी आहे, औषधालय आहे, लोहारकाम आहे, कोठारे आहेत आणि वरच्या वार्दझियाहून मातीच्या नळांनी आणलेले पाणी आहे. कित्येक किलोमीटर लांबीची ही नळयोजना मला त्या ठिकाणची सर्वांत मोठी करामत वाटते. खाली नदी भरून वाहते आहे, पण वेढा पडल्यावर नदीवर पाणी भरायला जाता येणार नाही हे ओळखून पाणी डोंगराच्या अंगाने आणले आहे. याखेरीज मंदिराच्या मागच्या बोगद्यात एक झराही आहे, ज्याला ‘तामारचे अश्रू’ म्हणतात. पाणी थंडगार आहे.

वाटसरू_ठाणे
नदीबद्दल थोडे. तिबिलिसीतून जी मत्क्वारी वाहते तीच ही नदी. तिचा उगम तुर्कस्तानात कार्सच्या बाजूला होतो, वार्दझियाच्या वरच्या अंगाला ती जॉर्जियात शिरते आणि पुढे अझरबैजानातून जाऊन कॅस्पियन समुद्राला मिळते. एकूण लांबी सुमारे दीड हजार किलोमीटर. बाहेरच्या जगात तिला कुरा म्हणतात. तिबिलिसीहून वार्दझियाला जाताना आपण जवळजवळ सारा वेळ तिच्या उलट्या प्रवाहाने जात असतो. राजधानीत गढूळ आणि भिंतींमध्ये बांधलेली दिसणारी नदी बोर्जोमीच्या अरण्यात वेगाने धावते आणि अस्पिंझाच्या पुढे उघड्या, जवळजवळ झाड नसलेल्या डोंगरांतून वळणे घेते.

मुक्काम करणार असाल तर वाटेत खेर्तविसीचा किल्ला नक्की पाहा. पारावानी नदी मत्क्वारीला मिळते त्या संगमावरच्या खडकावर तो उभा आहे. तेथून पुढे त्मोग्वीच्या किल्ल्याचे अवशेष कड्यावर दिसतात. वार्दझियाच्या अलीकडे वानिस क्वाबेबी हा आणखी एक, वार्दझियाहून जुना गुहामठ आहे, पण तेथील शिड्या आणि भुयारे सासूबाईंसाठी नाहीत, रस्त्यावरूनच पाहावा. खेर्तविसी ते वार्दझिया हा भाग म्हणजे एकाच नदीचा पहारा करणारी किल्ल्यांची आणि मठांची साखळी आहे. दक्षिणेकडून येणाऱ्या सैन्याला याच खोऱ्यातून यावे लागे, म्हणून गिओर्गीला येथे तटबंदी हवी होती. हे खोरे न पाहता केवळ मठ पाहिला तर तो येथे का आहे हे कळत नाही.

नवी_सून
माझ्या सासूबाईंनाही गुडघ्याचा त्रास होता. आम्ही त्यांना घंटाघरापर्यंत नेले. भूकंपानंतर बांधलेले हे दोन कमानींचे घंटाघर आहे आणि तेथून नदीचे खोरे व कड्याचा बराच भाग दिसतो. त्या तेथेच थांबल्या, आम्ही पुढे जाऊन आलो. त्यांनी तेवढ्या वेळात एका जॉर्जियन आजीबाईंशी खुणांनी मैत्री केली होती आणि दोघींनी मिळून आमच्या पिशवीतील चकल्या संपवल्या होत्या.

तामारभक्त
ज्यांना इतक्या दूर जाणे शक्यच नाही त्यांच्यासाठी एक पर्याय सुचवतो. तामारच्या हयातीतील किंवा त्या काळाच्या आसपासची तिची चार भित्तिचित्रे टिकून आहेत : वार्दझिया, बेतानिया, किंत्स्विसी आणि बेर्तुबानी. यांपैकी बेतानियाचा मठ तिबिलिसीपासून फार दूर नाही. तो वेरे नदीच्या खोऱ्यात, दाट झाडीत आहे, लहान आहे आणि तेथेही साधू राहतात. तेथील चित्रात गिओर्गी, तामार आणि तिचा मुलगा लाशा गिओर्गी असे तिघे आहेत. किंत्स्विसी बोर्जोमीच्या वाटेवर, करेलीपासून थोडे आत आहे. तेथील चित्रांची निळाई लाजवर्द या निळ्या दगडाच्या भुकटीची आहे. अजिंठ्यातही निळ्या रंगासाठी लाजवर्दच वापरला आहे, त्यामुळे मराठी माणसाने ती निळाई पाहावीच. गोदाकाठताई, मुक्काम करणार असाल तर जाताना किंत्स्विसी वाटेत घेता येईल. ज्येष्ठांनाही ते सोपे जाईल.

शिवाय 1202 च्या सुमारास सेल्जुक तुर्कांविरुद्धच्या बासियानीच्या लढाईपूर्वी तामारने वार्दझियाच्या मेरीमातेपुढे प्रार्थना केल्याचे तिच्या काळाच्या इतिवृत्तात येते. राणीचा आणि या जागेचा संबंध केवळ दंतकथेचा नाही.

अनिकेत_तिबिलिसी
ताई, एक महत्त्वाची गोष्ट. तुम्ही ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात येत आहात. जॉर्जियन चर्च जुन्या ज्युलियन पंचांगाप्रमाणे चालते, त्यामुळे मेरीमातेच्या महानिर्वाणाचा सण येथे 28 ऑगस्टला येतो. त्याला मारियामोबा म्हणतात आणि त्या दिवशी देशभर सुट्टी असते. वार्दझियाचे मंदिर त्याच सणाला वाहिलेले आहे. त्या दिवशी गेलात तर पहाटेपासूनची उपासना आणि अनेक आवाजांतले जॉर्जियन स्तोत्रगायन ऐकायला मिळेल, जे इतर दिवशी योगानेच मिळते. पण गर्दी प्रचंड असेल आणि मंदिरात भित्तिचित्रे पाहण्यासारखी मोकळीक नसेल. मी दोन दिवसांचा बेत करून 27 तारखेला मठ सावकाश पाहावा आणि 28 ला यजमान व तुम्ही दोघेच पहाटे जाऊन यावे असे सुचवेन.

गोदाकाठ
हे तर मला ठाऊकच नव्हते. बेत ठरला : 26 ला किंत्स्विसी पाहून अखाल्त्सिखेला मुक्काम, 27 ला सकाळी आधी नदीपलीकडून कडा, मग वरपर्यंत गाडी, घंटाघर आणि मंदिर, सासूबाई आलेल्या वाटेने यजमानांबरोबर परततील आणि आई व मी बोगद्यातून उतरू. 28 चे पहाटे ठरवू. फटकळ काका, 29 ला बोर्जोमी ठेवले आहे, आपल्या मानासाठी.

फटकळ_काका
खनिजजल कोमट आणि खारट असते. एक घोट पिऊन पाहावे, बाटली भरून घेऊ नये.

गोदाकाठ
शेवटचा प्रश्न, तोही सासूबाईंचा. त्या पूर्ण शाकाहारी आहेत, अंडेही चालत नाही. अखाल्त्सिखेसारख्या लहान गावात दोन दिवस काय खायचे?

अनिकेत_तिबिलिसी
तुमच्या तारखा त्यांच्यासाठी उत्तम आहेत. मारियामोबाच्या आधी 14 ते 27 ऑगस्ट असा चर्चचा उपवास असतो आणि त्यात मांस, अंडी, दूधदुभते वर्ज्य असते. त्यामुळे खाणावळीत ‘सामार्ख्वो’ म्हणून विचारले की उपवासाचे पदार्थ मिळतात : राजम्याचे लोबिओ, मक्याच्या पिठाची भाकरीसारखी म्चादी, अक्रोडाचे वाटण घातलेली वांगी, पालक किंवा बीट वाटून केलेले प्खाली. मासे मात्र काही जण चालवून घेतात, तेवढे विचारून घ्यावे. चीज भरलेली खाचापुरी उपवासात बसत नाही आणि तिच्या पिठात कधी अंडे असते, म्हणून तीही विचारूनच घ्यावी.

नवी_सून
म्चादीबरोबर लोणचे न्यावे. आम्ही लिंबाचे नेले होते. खाणावळवाल्या बाईंनी चव घेऊन उरलेली बरणी मागून घेतली.

गोदाकाठ
दोन बरण्या घेते.